गिरजामायची पाहुणी

ऐका. ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची आहे. किती वर्षांपूर्वीची, असं गावात विचाराल तर दहा तोंडांतून दहा आकडे निघतील आणि दहाही जण शपथेवर सांगतील. म्हणून मी आपला घाटाच्या पायऱ्यांवरून हिशेब सांगतो. तेव्हा सावळघाटच्या घाटाला सतरा पायऱ्या होत्या. आज अकरा दिसतात. मधल्या काळात सहा पायऱ्या गाळाखाली गेल्या, तितकी ही गोष्ट जुनी आहे.

सावळघाट हे आमचं गाव नदीच्या वळणावर आहे. नदीला आम्ही थोरली म्हणतो. दर पावसाळ्यात थोरली काठावर काळा मऊ गाळ टाकून जाते. त्या जमिनीला मळी म्हणतात, आणि मळीत जे पिकतं त्याची चव दुसरीकडे येत नाही. हे मी गावचा म्हणून सांगत नाही, बाजारात जाऊन कुणालाही विचारा. तर त्या काळी गावातल्या प्रत्येक घराचं स्वतःचं एक बी होतं. गुरवांचा दुधी होता, पोरगं त्यावर बसून नदी पार करील एवढा. कुंभारांचं पांढरं वांगं होतं. तांबोळ्यांचा दोडका हातभर लांब होता. आणि रासकरांचा घेवडा होता, ज्याच्या दाण्याला काळा डोळा असे. ही बियाणी राखेत घोळून, चिंधीत बांधून, आढ्याला टांगलेली असत.

आता हे लक्षात ठेवा की सावळघाट हे फार संशयी गाव आहे. आजही आहे, पण तेव्हा तर विचारू नका. घरचं बी घराबाहेर जाऊ देत नसत. लेक सासरी निघाली तर तिच्या पदराची गाठ आई सोडून बघे. सून येताना माहेरचं बी घेऊन आली तर सासू ते चुलीत टाकी. शेजाऱ्याची कोंबडी वाफ्यात शिरली तर हाकलण्याआधी तिची चोच बघत, असं म्हणतात.

आणि एक रीत होती. मातीत बी असलं की त्याचं नाव घ्यायचं नाही. तिसरं पान फुटेपर्यंत माळ्याला कुणी विचारायचं नाही आणि त्यानं सांगायचं नाही. नाव ऐकलं की मातीतल्या किड्याला कळतं, असं म्हणतात. मला विचाराल तर किड्याचा काही संबंध नव्हता. शेजाऱ्याला कळू नये, एवढंच त्यात होतं. पण रीत होती आणि सगळे पाळत होते.

अशा या गावात एके वर्षी एक बाई आली. नदीच्या वरच्या अंगाकडून आली, लखू भोयाच्या होडीतून उतरली. हातात एक खुरपं होतं आणि काखेत एक गाठोडं. नाव विचारलं तर गिरजा म्हणाली. गाव विचारलं तर नदीकडे हात केला. म्हणजे तिचं गाव नदीच्या काठी होतं की नदीनं ते नेलं होतं, हे कुणी पुन्हा विचारलं नाही. गावानं लगेच तर्क काढले. एक जण म्हणाला नवऱ्याला मारून आली, दुसरा म्हणाला नवऱ्यानं टाकून दिली. आज तिला सगळे गिरजामाय म्हणतात, पण ती इथे होती तोवर तिला माय म्हणणारं एक माणूस नव्हतं. तेव्हा ती नुसती ‘ती परकी’ होती.

ती मळीच्या कडेला, उंबराच्या झाडाखाली खोप घालून राहिली. लोकांच्या मळ्यात खुरपणीला जाई. तिच्या हाताखालून गेलेला वाफा असा फुलायचा की मालकाला आनंद व्हायच्या आधी शंका यायची. ती मातीची चिमूट जिभेवर ठेवून बघत असे आणि सांगे, हिला राख द्या, हिला दोन दिवस पाणी देऊ नका. तिचं बरोबर येई. नेमकं तेच लोकांना खटके. हिला कसं कळतं, असं बायका पाणवठ्यावर एकमेकींना विचारत, आणि ती आली की गप्प होत. दोन वर्षं अशी गेली.

तिसऱ्या वर्षी थोरली कोपली. श्रावण लागायच्या आत पाणी चढलं आणि ते भर दिवसा, लोकांच्या डोळ्यांदेखत चढलं. माणसं आणि गुरं टेकावरच्या देवळात गेली. खाली घरांच्या मातीच्या भिंती एकेक करून बसल्या. आढी पडली, आढ्याला टांगलेल्या चिंध्या पडल्या, मडकी फुटली. पाणी सात दिवस गावात होतं. नवव्या दिवशी लोक खाली उतरले तर घराघरांत कमरेइतका चिखल.

माणसं सगळी वाचली होती. पण गावाचं बी गेलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं, सुनेला न दिलेलं, लेकीला न दिलेलं, सगळं एका आठवड्यात गेलं. म्हातारी माणसं उंबऱ्यावर बसून रडली. माझं तर म्हणणं आहे की त्यांनी त्या लेकींच्या पदरात दोन दाणे जाऊ दिले असते तर एवढं रडावं लागलं नसतं. पण पूर ओसरल्यावर शहाणपण सांगणारा मी कोण?

मग लोकांनी घरं उपसायला घेतली. फावड्यानं चिखल ओढायचा आणि दारापुढे ढीग घालायचा. ढीग वाळला की तो पुन्हा नदीत लोटायचा. आणि इथूनच गिरजेचं चमत्कारिक वागणं सुरू झालं.

ती पाटी घेऊन दारोदार फिरू लागली. कुणाशी बोलायची नाही. ढिगाशी बसायची, चिखल हातानं चाचपायची, पाटी भरायची आणि उंबराखाली घेऊन जायची. नारळी पौर्णिमा आली तोवर तिनं गावातल्या चाळीस घरांची माती नेली होती, असं म्हणतात. पुन्हा घातलेल्या खोपीपुढे तिनं चाळीस वाफे केले. प्रत्येक घराची माती वेगळ्या वाफ्यात. आणि कुठला वाफा कुठल्या घराचा हे कळावं म्हणून प्रत्येक वाफ्याच्या उशाशी एक काठी रोवली आणि त्या काठीला त्याच ढिगात सापडलेली काहीतरी खूण बांधली. कुणाच्या घरची बांगडीची काच, कुणाची मडक्याची खापरी, कुणाच्या लुगड्याची चिंधी.

आता तुम्हीच सांगा. परकी बाई आहे. तिनं तुमच्या उंबऱ्याची माती नेली आहे. वर काठीला तुमच्या बायकोची फुटकी बांगडी बांधली आहे. तुम्ही काय समजाल?

गावही तेच समजलं. ही करणी आहे, असं पहिल्यांदा कोण म्हणालं ते आज कुणी सांगत नाही. प्रत्येक घर शेजारच्या घराकडे बोट दाखवतं. पण दोन दिवसांत सगळं गाव ते म्हणत होतं, एवढं खरं. पुरानंतर गावात पोटाचं दुखणं आलं होतं, जसं ते येतंच. घाण पाणी पोटात गेलं होतं, दुसरं काय? पण आता प्रत्येक दुखणाऱ्या पोटाला कारण सापडलं.

त्या दुखणेकऱ्यांत हैबती रासकराचं तान्हं पोर होतं. हैबती म्हणजे काळ्या डोळ्याच्या घेवड्याच्या घरातला. हा हैबती माझा कोण, ते शेवटी सांगतो. तीन लेकरं मातीत घालून झाल्यावर चौथं जगलं होतं. पाच महिन्यांचं पोर, तापानं फणफणलेलं, दूध ओकत होतं. त्याची आई सुंदरा त्याला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. हैबती वैद्याकडे जाऊन आला, देवाला नवस बोलून आला आणि येता येता मळीच्या कडेनं आला. तिथे एका वाफ्याच्या काठीला त्याला लाकडी चिमणी दिसली. त्याच्या पोराच्या पाळण्यावरची चिमणी. पाळणा पुरात वाहून गेला होता, आणि चिमणी इथे काठीला लटकत होती.

तिला हात न लावता तो फिरला, असं म्हणतात. मग धावत गावात आला.

त्याच दिवशी देवळापुढे गाव बसलं. गिरजेला बोलावणं गेलं. ती हात धुऊन आली आणि एका बाजूला उभी राहिली. गावातला जाणता माणूस म्हणजे म्हसू गुरव. त्यानं विचारलं, “बाई, त्या वाफ्यांत काय पेरलंस?”

“काय न्हाई पेरलं, गुरवबाबा.”

“मग पाणी कशाला घालतीस?”

“बघायला.”

“काय बघायला?”

“काय येतंय ते. मला अजून ठावं न्हाई.”

सभेत कुजबुज झाली. काय उगवणार हे ठाऊक नसलेली माळीण सावळघाटानं पाहिली नव्हती. हैबती उठून उभा राहिला. त्यानं विचारलं, “माझ्या पोराची चिमणी तुझ्याकडं कशी आली?”

“तुमच्याच दारातल्या चिखलात व्हती, भाऊ. कुठली माती कुणाची, ते विसरू नये म्हणून बांधली.” मग ती सगळ्यांकडे बघून म्हणाली, “तिसरं पान येऊ द्या. मग सगळं सांगते. तुमच्यात बी ही रीत हाय ना?”

रीत होती. सगळ्यांनाच ती ठाऊक होती. ती रीत मोडून कुणी कुणाला विचारलं तर गाव त्याला नावं ठेवत असे. म्हसू गुरवानं मान खाली घातली. मग तो म्हणाला, “रीत पेरणाऱ्याची हाय. तू तर पेरलंच न्हाई म्हणतीस.”

बघा कसं असतं गावाचं डोकं. जी रीत त्यांनी शेजाऱ्यापासून बी लपवायला जन्मभर वापरली, तीच एका बाईनं मागितली तर तिला लागू होईना. तुम्ही बाहेरचे आहात, तुम्हाला केव्हाच कळलं असेल तिच्या वाफ्यांत काय होतं. आढ्यावरच्या चिंध्या चिखलात पडल्या होत्या, चिखल लोक नदीत टाकायला निघाले होते. ती फक्त बसून वाट बघत होती की कुठल्या घराच्या मातीतून कुठलं बी वर येतं. पण मग तिनं तसं सांगितलं का नाही? मला वाटतं, तिची हिंमत झाली नाही. चाळीस घरं रडत होती. तुमचं बी परत येतंय असं सांगायचं आणि वाफा कोरडाच राहायचा, हे तिला नको असेल. तिच्या स्वतःच्या गावाचं तिनं तसंच काही पाहिलं असेल. हे आपलं माझं म्हणणं. ती स्वतः काही बोलून गेली नाही.

गावानं तिला पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत दिली. तोवर तिनं काय ते सांगायचं, नाही तर वाफे मोडून गाव सोडायचं. तिनं मान हलवली आणि ती पाणी घालायला निघून गेली. वाफ्यांत तेव्हा दोन दोन पानं आली होती. दोन पानांवर दुधी कोणता आणि दोडका कोणता हे ओळखणारा ओळखतो, पण कुणी जवळ जाऊन बघितलंच नाही. सगळे लांबून बघत होते.

पोळ्याचा दिवस उजाडला. पुरातून वाचलेले बैल होते तेवढे घेऊन माणसं सकाळी नदीवर धुवायला गेली. हैबतीच्या पोराला रात्रभर शुद्ध नव्हती. बैल धुऊन झाल्यावर हैबतीनं बैल कुणाच्या तरी हाती दिले आणि तो उंबराकडे चालू लागला. त्याच्यामागे एक आला, मग दुसरा आला. अकरा जण होते, असं म्हणतात. गिरजा तेव्हा खोपीत नव्हती, नदीवर पाण्याला गेली होती.

त्यांनी ते वाफे तुडवले. भर दुपारी, चिखलात शिरून, उड्या मारून तुडवले. हैबतीनं चिमणीच्या वाफ्यातला प्रत्येक कोंब उपटला आणि मूठमूठ करून नदीत फेकला. मग तो खोपीच्या दाराजवळच्या, चाळिसांहून वेगळ्या अशा एका वाफ्याकडे वळला. त्या वाफ्याच्या काठीला काहीच बांधलेलं नव्हतं. ज्याला नाव नाही तेच सगळ्यांत वाईट असणार असं त्याला वाटलं, आणि त्यावर तो इतका नाचला की त्याचे पाय पोटऱ्यांपर्यंत आत गेले.

मग सगळे आपापल्या घरी गेले. सगळ्यांचे पाय चिखलानं भरलेले होते, पण पोळ्याच्या दिवशी कुणाचे नसतात? दारात आल्यावर बायकांनी घंगाळातलं पाणी ओतलं, त्यांनी उंबऱ्यापुढे पाय धुतले आणि बैलांना ओवाळलं.

गिरजा घागर घेऊन परत आली. तोवर गावातली चार माणसं तिथे जमली होती. त्यांतलंच एक म्हणालं, “बैल उधळले, बाई. पोळ्याचे बैल, आवरंनात.”

तिनं घागर खाली ठेवली. वाफ्याशी बसली. चिखलातल्या एका ठशावरून बोट फिरवलं आणि वर बघून विचारलं, “बैलाला पाच बोटं असत्यात व्हय?”

एवढंच बोलली. सावळघाटात ती बोललेलं शेवटचं वाक्य हेच, असं म्हणतात. तिनं खुरपं उचललं आणि ती घाटाकडे निघाली. गाठोडंसुद्धा घेतलं नाही. लखू भोयानं होडी लावली. घाटाच्या शेवटच्या पायरीवर ती थांबली आणि तिनं पाय धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, टाचांच्या भेगांतून माती काढून काढून धुतले. लखू सांगे की होडी ताटकळत उभी होती आणि ती आपली पायच धूत होती. मग ती होडीत बसली.

पुढे नदीच्या मधोमध पाणी एकदम निवळ झालं आणि तळाचे गोटे दिसले, असं म्हणतात. पलीकडच्या काठावर ती उतरली तिथे वाळूत तिचा ठसा उमटला नाही, असंही म्हणतात. म्हणोत. ज्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी तिला घालवलं तेच आता हे सांगतात, म्हणून मी त्यातलं अर्धंच घेतो. लखूचं पाय धुण्याचं मात्र मी पूर्ण घेतो. गावानं तेव्हा असा अर्थ लावला की तिला या गावची माती सुद्धा पायाला नको होती, तिनं शाप दिला. मला तसं वाटत नाही. पायाला चिकटून एखादं बी पलीकडे जाईल, आणि ते या गावचं आहे, ते इथेच राहावं, म्हणून ती एवढं धूत होती असं मला वाटतं. अशी ती बाई होती.

हैबतीचं पोर त्याच संध्याकाळी दूध प्यायलं. ताप उतरला. गावात एकच जल्लोष झाला. बघा, वाफे तुडवले आणि करणी सुटली, असं जो तो म्हणू लागला. हैबतीला लोकांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ताप आठ दिवसांचा होता आणि तो दिवस आठवा होता, हे कुणी मोजलं नाही.

पण वाफे कुणी तुडवले, असं विचारलं की सगळे म्हणत, बैलांनी. जल्लोष करायला सगळे होते आणि नाव सांगायला कुणी नव्हतं. गिरजेचा शाप खरा असला तर तो अंगावर घ्यायला कोण तयार होणार? म्हणून अकरा घरांतल्या अकरा जणांनी देवळात देवावर हात ठेवून सांगितलं की आम्ही तिथे नव्हतो.

मग भाद्रपद लागला आणि गौरी आल्या. आमच्याकडे गौर नदीवरून आणतात, तेरड्याच्या रोपांची. आणायच्या आधी घरची बाई दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढते. त्या सकाळी गावातल्या बायका उंबऱ्यापुढची जागा सारवायला बाहेर आल्या. आणि अकरा घरांपुढे, बरोबर पाय धुतात त्या जागी, कोंब वर आले होते.

तिसरं पान फुटलेलं होतं, असं म्हणतात.

तांबोळ्यांच्या दारात गुरवांचा दुधी होता. गुरवांच्या दारात, होय, म्हसू गुरवाच्याच दारात, कुंभारांचं वांगं होतं. म्हणजे जाणता माणूसही त्या दुपारी मागे राहिला नव्हता. एका दारात तर तीन घरांचं बी एकमेकांत गुंतून आलं होतं. बायका सारवणाचा बोळा हातात धरून उभ्या राहिल्या. कुणाचा नवरा कुठे गेला होता आणि कुणाच्या पायाला कुठल्या वाफ्याची माती होती, ते सगळं दारात लिहून ठेवल्यासारखं उगवलं होतं. आणि ती परकी काय करत होती, हेही त्याच सकाळी कळलं. कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कुंभारीण म्हसू गुरवाच्या दारात आली, पांढऱ्या वांग्याच्या रोपाशी बसली आणि तिनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली. आंधळी असती तरी आपल्या घरचं पान तिनं हातानं ओळखलं असतं.

ज्या बायकांच्या दारात दुसऱ्याचं उगवलं होतं त्यांच्यापुढे आता दोनच वाटा होत्या. उपटून टाकावं आणि सारवून मोकळं व्हावं, म्हणजे नवऱ्याची अब्रू राहिली असती. किंवा ज्याचं त्याला द्यावं, आणि गावापुढे उघडं व्हावं. पहिली बाहेर पडली ती सुंदरा. हैबतीची बायको. तिच्या दारात एक वेल होता. तिनं तो मातीसकट केळीच्या पानावर काढला आणि शेजारच्या दारी गेली. म्हणाली, “आमच्या दारात आलाय. हे तुमचं का?”

तिचं बघून बाकीच्या दहा निघाल्या. त्या दिवशी सगळ्या गावात एकच वाक्य ऐकू येत होतं, हे तुमचं का, हे तुमचं का. आणि ज्याचं होतं ते घर हात पुढे करून म्हणत होतं, आमचं हाय. चाळीसपैकी सतरा घरांचं बी असं परत आलं. बाकीची तेवीस कायमची गेली. त्यांची नुसती नावं उरली आहेत, चव कुणालाच ठाऊक नाही.

सुंदराचा वेल मात्र कुणाचा निघेना. शेंगवर्गातला होता, पण रासकरांचा घेवडा नव्हता. तो तर हैबतीनं स्वतःच्या हातानं नदीत फेकला होता. पानाची मागची बाजू तांबूस आणि देठावर बारीक लव. ती चाळीस दारं फिरली. प्रत्येक दारात बायकांनी पान उलटं करून बघितलं आणि मान हलवली. दुपार टळली, पावलं काढायची राहिली, गौर आणायची राहिली, आणि सुंदरा कडेवर पोर आणि हातात वेल घेऊन फिरत होती. शेवटचं दार संपल्यावर ती उंबराखाली गेली. खोपीत गिरजेचं गाठोडं तसंच पडलं होतं. तिनं ते सोडलं. आत कपडे नव्हते, भांडी नव्हती. कापडाला आतून वाळलेली तांबडी माती चिकटलेली होती, जी सावळघाटात कुठेही नाही. खोपीच्या दाराशी जो बिनखुणेचा वाफा होता त्यातही तीच माती मिसळलेली होती.

स्वतःच्या गेलेल्या गावाची माती ती दोन वर्षं बांधून ठेवून बसली होती, आणि आमच्या गावाबरोबर तिनं आपल्याही गावाची वाट बघायला घेतली होती. त्याच वाफ्यावर हैबती सगळ्यांत जास्त नाचला होता.

सुंदरा घाटावर गेली. सगळ्या बायका तिच्यामागे गेल्या आणि हैबतीही गेला, लांब मागे. शेवटच्या पायरीवर उभं राहून तिनं वेल दोन्ही हातांनी वर धरला आणि पलीकडच्या काठाला विचारलं, “गिरजामाय, हे तुमचं का?”

माय हा शब्द गावानं तिच्यासाठी तेव्हा पहिल्यांदा वापरला. पलीकडून काही उत्तर आलं नाही. लखूनं दुसऱ्या दिवसापासून महिनाभर दोन्ही काठांची गावं पालथी घातली. ती कुणालाही दिसली नव्हती.

तो वेल वाढला. मार्गशीर्षात त्याला शेंगा आल्या, तांबड्या कडांच्या. त्या शेंगेला आम्ही पाहुणी म्हणतो. आज सावळघाटात पाहुणी नाही असं एक दार दाखवा. पण ती आमची आहे असं कुणी म्हणत नाही आणि तिचं बी मागणाऱ्याला नाही म्हणत नाही. लेकीच्या पदरात ते आधी बांधतात. जे गाव सुनेचं बी चुलीत टाकत होतं, ते आता हे करतं.

अजून काय करतं, तेही सांगतो. पोळ्याला आमच्याकडे बैलाला ओवाळण्याआधी मालक त्याच्या खुराला हात लावून म्हणतो, “तू न्हवतास रे.” बाहेरच्यांना हसू येतं. पूर येऊन गेला की घरातला चिखल आम्ही नदीत लोटत नाही. पहिल्यांदा त्याचे वाफे करतो आणि तिसरं पान येईपर्यंत त्यांना पाणी घालतो. आणि घाटाच्या शेवटच्या पायरीच्या फटीत दर वर्षी एक रोप येतं, ती पायरी दोन महिने पाण्याखाली असूनही येतं, असं म्हणतात. आता शेवटची म्हणजे अकरावी. खरी सतरावी गाळाखाली आहे, म्हणून मला याचाही संशय होता. पण रोप मी पाहिलं आहे. तेव्हा त्याबद्दल बोलत नाही.

आणि गौरी जायच्या दिवशी पाहुणीचा एक वेल दारोदार फिरवतात. तो उचलायचा मान रासकरांच्या घराचा. मान म्हणतात लोक, बरं वाटावं म्हणून. हैबती रासकर माझ्या पणजोबांचे वडील. ते तापातून उठलेलं पोर म्हणजे माझे पणजोबा. काळ्या डोळ्याचा घेवडा आमच्या घराला परत मिळाला नाही, आमच्या घराला स्वतःचं बी नाही. जे आहे ते तिचं आहे.

प्रत्येक दारात आम्ही विचारतो, हे तुमचं का? प्रत्येक घर पान उलटं करून बघतं आणि म्हणतं, “आमचं न्हाई. पण पाणी घालू.” मग सगळे घाटावर जातात. गौरी पाण्यात सोडून झाल्या की गाव गप्प होतं आणि आमच्या घरातली मोठी बाई पलीकडच्या काठाला विचारते. सगळ्यांनी ओंजळीत थोरलीचं पाणी घेऊन उभं राहायचं आणि ते सगळं गळून जाईपर्यंत वाट बघायची, अशी रीत आहे.

मी संशयी माणूस आहे, ते तुम्हाला एव्हाना कळलंच आहे. इतक्या वर्षांनी कोण उत्तर देणार, हे मलाही कळतं. पण दर वर्षी माझी बोटं मी घट्ट आवळून धरतो, पाणी लवकर गळू नये म्हणून. मग ते गळतंच. पलीकडून कुणी काही म्हणत नाही. आम्ही वेल घेऊन परत येतो आणि उंबऱ्यापुढे, पाय धुतात तिथे, लावतो.